तारेच्या वेढ्यातला आवाज
नाशिकच्या महाकवी कालिदास कलामंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात मागच्या रांगेत बसणाऱ्या श्रवणयंत्रधारकाची अडचण बहुधा आवाज कमी पडण्याची नसते. यंत्राचा मायक्रोफोन नटाच्या संवादाबरोबर शेजारचा खोकला, वेफर्सच्या पुड्यांची कुरकुर आणि भिंतींवरून परतणारा आवाजही तितक्याच निष्ठेने वाढवतो आणि त्या गलबल्यात शब्द हरवतात. इंडक्शन लूप, म्हणजे प्रेक्षागृहाच्या जमिनीलगत फिरवलेला तारेचा वेढा, फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या आधारे यावर मात करतो: रंगमंचावरील माइकचा संकेत अ‍ॅम्प्लिफायरमधून या तारेत प्रवाहरूपाने खेळतो, त्यातून आवाजाबरहुकूम बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, आणि श्रवणयंत्रातील टेलिकॉइल, म्हणजे बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे, ते टिपून त्याचा पुन्हा विद्युतसंकेत करते, त्यामुळे दूरचा संवाद कानापाशी बोलल्यासारखा ऐकू येतो. त्यासाठी यंत्र ‘टी’ स्थितीत न्यावे लागते. कानात दडणाऱ्या चिमुकल्या यंत्रांत मात्र पुष्कळदा हे वेटोळेच नसते, आणि विक्रेता ते आपणहून सांगेलच असे नाही. स्लॅबमधील लोखंडी सळ्या हे क्षेत्र क्षीण करतात, म्हणून नाट्यगृहाच्या नूतनीकरणात तारेची आखणी फरशी बसण्यापूर्वीच व्हावी लागते.