मॅगझिन रिकामे होते तेव्हा : मोठ्या आकड्याच्या मोहाचा इतिहास

१/ स्वयंचलित बंदुकांचा इतिहास समाजमाध्यमांवर बहुधा आकड्यांत सांगितला जातो. मिनिटाला किती गोळ्या, एका मॅगझिनमध्ये किती काडतुसे, कोणाचे मॅगझिन सर्वांत मोठे. ७१ हा आकडा ३५ हून मोठा, म्हणून ७१ काडतुसांचे शस्त्र श्रेष्ठ, असा हा सरळ हिशेब. प्रत्यक्ष युद्धात तो वारंवार चुकीचा ठरला. मोठ्या ड्रमकडून लहान पेटीकडे सैन्ये स्वतःहून परतली. ती का परतली, याचा हा थ्रेड.

२/ आधी शब्दाविषयी. ‘मॅगझिन’ मूळचा अरबी ‘मखझन’, म्हणजे कोठार. इटालियन आणि फ्रेंच भाषांतून तो इंग्रजीत आला. दारूगोळ्याच्या कोठारालाही तोच शब्द लागला, बंदुकीच्या काडतूसपेटीलाही, आणि १७३१ साली लंडनमध्ये ‘द जंटलमन्स मॅगझिन’ सुरू झाल्यावर लेखांचे कोठार असलेल्या नियतकालिकालाही. बंदुकीचे मॅगझिन हे सैनिकाने अंगावर वागवायचे कोठार आहे. त्याची सगळी अडचण या ‘अंगावर वागवण्यात’ आहे.

३/ हिराम मॅक्सिम यांच्या १८८४ च्या मशीनगनला ही अडचण नव्हती. कापडी पट्ट्यात ओळीने २५० काडतुसे बसत. पण ती गन, तिचे पाणी, तिचा स्टँड आणि पट्ट्यांच्या पेट्या वाहायला माणसांची तुकडी लागे. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत वेगळीच गरज निर्माण झाली. एका-दोघांनी उचलून धावत नेता येईल अशी स्वयंचलित बंदूक हवी होती. पट्टा लोंबकळत धावणे अवघड, म्हणून काडतुसांना बंदिस्त घर हवे होते.

४/ अमेरिकी अधिकारी आयझॅक न्यूटन लुईस यांच्या गनवर थाळीसारखे गोल मॅगझिन आडवे बसे. जमिनीवरच्या गनसाठी ४७ काडतुसांचे, विमानासाठी ९७ चे. या थाळीत काडतुसे पुढे ढकलणारी स्प्रिंग नव्हती. बंदुकीची यंत्रणाच प्रत्येक गोळीमागे थाळी थोडी फिरवी. कल्पना सुंदर, पण थाळी खालून उघडी असल्याने खंदकातली माती आणि चिखल तिच्यात शिरे. आकाशात चिखल नव्हता. तिथे ९७ ची थाळी शोभली.

५/ फ्रेंचांच्या शोशा गनचे उदाहरण याहून बोलके आहे. तिचे अर्धचंद्राकृती मॅगझिन केवळ २० काडतुसांचे. किती उरली ते दिसावे म्हणून त्याची एक बाजू जाळीसारखी उघडी ठेवलेली. पत्रा पातळ, सहज वाकणारा. गन अडकण्याच्या प्रसंगांत या मॅगझिनचा वाटा फार मोठा होता. म्हणजे लहान आकडा हाही यशाचा परवाना नव्हे. मॅगझिन आधी विश्वासार्ह असावे लागते. त्यानंतरच त्याच्या क्षमतेविषयी बोलण्यात अर्थ.

६/ १९१८ मध्ये जर्मनांनी एमपी १८ ही सबमशीन गन आघाडीवर आणली. तिला लुगर पिस्तुलासाठी बनलेले गोगलगायीच्या शंखासारखे ३२ काडतुसांचे ड्रम लावले जाई. ते भरायला स्वतंत्र अवजार लागे, आणि बंदुकीच्या डाव्या बाजूला लटकल्याने तोल बिघडे. युद्धानंतर या गनची मॅगझिनची खोबण बदलून तिला साधी सरळ पेटी बसवण्यात आली. ड्रमकडून पेटीकडे परतण्याचे हे पहिले ठळक उदाहरण. पुढच्या पंचवीस वर्षांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडणार होती.

७/ ड्रमला खरी कीर्ती दिली ती अमेरिकेच्या थॉम्पसन सबमशीन गनने, म्हणजे ‘टॉमी गन’ने. १९२१ च्या या गनसाठी २० काडतुसांची पेटी होती, ५० चे ड्रम होते आणि १०० चेही होते. शिकागोच्या टोळीयुद्धांनी आणि त्यावरच्या चित्रपटांनी गोल ड्रमची ही आकृती जगाच्या डोळ्यांत कायमची बसवली. आजही ‘गँगस्टर’ म्हटले की कोट, टोपी आणि ड्रम ही तिन्ही एकदम आठवतात.

८/ सैनिकांचे मत वेगळे होते. १९४० मध्ये ब्रिटनने थॉम्पसन मोठ्या संख्येने घेतल्या, तेव्हा ५० चे ड्रम जड आणि अडचणीचे ठरले. भरलेले ड्रम सुमारे दोन किलोंचे. आतली काडतुसे चालताना खुळखुळत. रात्रीच्या गस्तीवर असा आवाज म्हणजे शत्रूला धाडलेले निमंत्रण. त्यात ड्रमला घड्याळासारखी चावी द्यावी लागे. १९४२ च्या एम १ या सुधारित थॉम्पसनमध्ये ड्रम बसवण्याची सोयच काढून टाकण्यात आली. २० आणि ३० काडतुसांच्या पेट्या राहिल्या.

९/ येथे थोडा हिशेब करावा. थॉम्पसनचा वेग मिनिटाला साधारण ७०० गोळ्यांचा. चाप दाबून धरला तर २० काडतुसे दोन सेकंदांच्या आत संपतात, ३० अडीच सेकंदांत, ५० सव्वाचार सेकंदांत. दुपटीहून मोठ्या मॅगझिनने मिळवलेली कमाई अवघ्या अडीच सेकंदांची. ती कमाई करण्यासाठी जे वजन, जो आवाज आणि जी गुंतागुंत पत्करावी लागते, तिची किंमत मात्र दिवसभर मोजावी लागते.

१०/ ड्रमची सर्वांत मोठी परीक्षा पूर्व युरोपात झाली. ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४० या हिवाळी युद्धात फिनलंडच्या सैनिकांकडे आयमो लाहती यांची सुओमी केपी/३१ होती. तिला सत्तरेक काडतुसांचे ड्रम बसे. जंगलात, बर्फात, जवळच्या अंतरावर तिने सोव्हिएत सैन्याला चांगलाच धडा दिला. सोव्हिएत संघाने स्वतःच्या पीपीडी गनचे उत्पादन १९३९ मध्येच थांबवले होते. ते घाईने पुन्हा सुरू झाले, आणि फिनिश नमुन्यावर बेतलेले ७१ चे ड्रम तिला मिळाले.

११/ हेच ड्रम पुढे ग्योर्गी श्पागिन यांच्या पीपीएसएच-४१ ला लावले गेले. ही गन स्वस्त होती. ठोकून आकार दिलेल्या पत्र्याची, झपाट्याने बनणारी, युद्धकाळात लाखोंनी तयार झालेली. पण तिचे ड्रम स्वस्त नव्हते. ते बनवणे वेळखाऊ, भरणे संथ. शिवाय ड्रम विशिष्ट बंदुकीला हाताने जुळवून घ्यावे लागे, त्यामुळे एकाच्या गनचे ड्रम शेजारच्या सैनिकाच्या गनला बसेलच याची खात्री नसे. बंदूक यंत्रयुगाची आणि तिचे मॅगझिन कारागिराच्या युगाचे, असा हा विसंवाद होता.

१२/ १९४२ मध्ये ३५ काडतुसांची वक्र पेटी आली. क्षमता निम्म्यावर आली, तरी शस्त्र अधिक कामाचे झाले. पेटी वागवायला सोपी, बदलायला सोपी, बनवायला सोपी. तिचीही सुरुवात निर्दोष नव्हती. आरंभीचा अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा वाकू लागला, तेव्हा तो एक मिलिमीटरचा करण्यात आला. युद्धातली सुधारणा बहुधा अशीच असते. पत्र्याची जाडी वाढवण्याच्या निर्णयावर कोणी चित्रपट काढत नाही.

१३/ याच वाटेवरचे पुढचे पाऊल अलेक्सेई सुदायेव यांनी टाकले. त्यांच्या पीपीएस गनला ड्रम नव्हतेच, केवळ ३५ ची पेटी. त्या पेटीतून काडतुसे डाव्या-उजव्या बाजूने आलटून पालटून वर येत. त्यामुळे ती भरणे सोपे आणि अडकण्याची शक्यता कमी. एका पीपीएसएचला यंत्रांवर सुमारे ७.३ तास लागत, पीपीएसला २.७. वेढ्यात सापडलेल्या, उपाशी लेनिनग्राडमध्ये ही गन तयार होत होती. तिथे वाचलेला प्रत्येक तास आणि पोलादाचा प्रत्येक किलो म्हणजे आघाडीवरची आणखी एक बंदूक होती.

१४/ गंमत अशी की त्याच सुमारास जर्मन मात्र सोव्हिएत ड्रमच्या आकड्याने बेचैन झाले होते. त्यांच्या एमपी ४० मध्ये ३२ काडतुसे. उपाय म्हणून दोन मॅगझिन शेजारीशेजारी बसवून सरकवता येतील अशी आवृत्ती त्यांनी काढली. गनचे वजन पाच किलोंच्या वर गेले, यंत्रणा नाजूक झाली आणि प्रयोग फसला. ज्या ७१ ची बरोबरी करण्यासाठी हा खटाटोप, त्या ७१ ला सोव्हिएत सैन्य स्वतःच मागे सोडत होते. शत्रूच्या आकड्याशी स्पर्धा करताना शत्रूच्या अनुभवाकडे दुर्लक्ष झाले.

१५/ ब्रिटिश आणि भारतीय सैनिकांनी तर आहे तो आकडाही पुरता वापरला नाही. स्टेन गनच्या मॅगझिनमध्ये ३२ काडतुसे मावत, पण ती अडकू नये म्हणून सैनिक दोन-चार कमीच भरत. ब्रेन गनच्या ३० च्या मॅगझिनमध्येही बहुधा २८ च्या आसपास. स्प्रिंगवर ताण नको, काडतुसांच्या कडा एकमेकींत अडकायला नकोत, हा अनुभवाचा धडा. पत्रकावरची क्षमता एक आणि शहाण्या सैनिकाची क्षमता दुसरी, हे अंतर शस्त्रांच्या तक्त्यांत कधीच दिसत नाही.

१६/ या सगळ्यातून एक गोष्ट निघते. मॅगझिनची रचना उणीव नाहीशी करत नाही, ती फक्त तिची जागा बदलते. मोठे ड्रम घेतले की उणीव कारखान्यात जाते, चालणाऱ्या सैनिकाच्या खांद्यावर जाते, खोबणीत अडकलेल्या काडतुसात जाते. लहान पेटी घेतली की ती मॅगझिन बदलण्याच्या क्षणात येऊन बसते. बहुतेक सैन्यांनी दुसरा पर्याय निवडला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ३० चा आकडा जगभर रूढ झाला.

१७/ येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो आणि त्याला मराठी नाव आहे. १० जुलै १९४४. इटलीतील टायबर नदीचे वरचे खोरे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, माणगाव भागातले, वय २२. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनचे इतर सर्व जण ठार वा जखमी झाले. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने गन बंद पाडली, टॉमी गनने एकाला टिपले.

१८/ त्यानंतर मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. घाडगे यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. पुढच्या काही क्षणांत शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात मॅगझिन बदलायला वेळ नसल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ड्रम नाकारणाऱ्या सगळ्या शहाण्या निर्णयांची दुसरी बाजू या एका उल्लेखात आहे.

१९/ मग मोठे ड्रम असते तर? हा ‘जर-तर’ मोहक आहे, पण त्यात दोन गोष्टी निसटतात. जड, खुळखुळणारे ड्रम घेऊन तो डोंगर चढायचा होता, आणि ड्रम ऐनवेळी अडकले असते तर हाती एकही गोळी नसती. सैन्याने हजारो सैनिकांची सरासरी पाहून निर्णय घेतला. घाडगे यांच्या वाट्याला त्या सरासरीबाहेरचा क्षण आला. निर्णय बरोबर असणे आणि त्याची किंमत एखाद्याने जिवावर उदार होऊन चुकवणे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. इतिहासाने दोन्ही सांगितली पाहिजेत.

२०/ तोच रिकामा क्षण नागरी जीवनात उलटा अर्थ घेतो. १९३४ च्या अमेरिकी राष्ट्रीय शस्त्र कायद्याच्या पहिल्या मसुद्यात, पुन्हा न भरता १२ किंवा अधिक गोळ्या झाडणारे स्वयंचलित वा अर्धस्वयंचलित शस्त्र म्हणजे ‘मशीनगन’, अशी व्याख्या होती. अंतिम कायद्यात क्षमतेचा आकडा गळला आणि एकदा चाप ओढल्यावर एकाहून अधिक गोळ्या सुटणे हा निकष राहिला. क्षमता कायद्यात परतली ती १९९४ मध्ये, १० च्या मर्यादेसह. ती तरतूद २००४ मध्ये संपली.

२१/ ८ जानेवारी २०११ रोजी अमेरिकेतील टुसान येथे लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या सभेत एका हल्लेखोराने ३३ काडतुसांच्या मॅगझिनचे पिस्तूल रिकामे केले. सहा जण ठार झाले. तो दुसरे मॅगझिन भरू लागला तेव्हा उपस्थितांनी त्याच्यावर झडप घातली आणि एका स्त्रीने त्याच्या हाती ते मॅगझिन लागू दिले नाही. सैनिकाचा घात करू शकणारा विराम येथे इतरांचे प्राण वाचवणारा ठरला. म्हणून मोठ्या मॅगझिनवरील मर्यादेची मागणी करणाऱ्यांचा युक्तिवाद भावनेचा नाही. तो यंत्राच्या स्वभावावर उभा आहे.

२२/ सैन्यांनी मोठी मॅगझिन सोडली ती दयेपोटी नव्हे, कार्यक्षमतेसाठी. तरीही त्यांचा अनुभव एक भ्रम दूर करतो. प्रचंड क्षमता हे गांभीर्याचे लक्षण नाही. ज्यांना रोज लढावे लागले त्यांनी ती बहुधा नाकारली. तिचे आकर्षण टिकले ते पडद्यावर, खेळांत आणि तक्त्यांत, जिथे ड्रमचे वजन कोणाला वाहावे लागत नाही.

२३/ म्हणून यापुढे शस्त्रांच्या तुलनेचा तक्ता दिसला की क्षमतेच्या रकान्यापाशी थांबावे आणि चार प्रश्न विचारावेत. हे कोणी बनवले आणि किती तासांत? कोणी वाहिले? किती वेळा अडकले? आणि ते रिकामे झाले तेव्हा समोर कोण होते? पहिल्या तीन प्रश्नांतून तंत्रज्ञानाचा इतिहास कळतो. चौथ्यातून माणसांचा.