मर्यादा वाढते तेव्हा पदरात कमी पडते

फँटसी बेसबॉलच्या लिलावात २६० हा आकडा अजून हललेला नाही. एका संघाची खर्चाची मर्यादा २६० डॉलर आणि त्यात २३ खेळाडू, म्हणजे चौदा फलंदाज आणि नऊ पिचर, हे गणित आजही बहुतेक लीगमध्ये चालते. डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ बांधण्याचा हा खेळ सुरू केला. 'ला रोटिसरी फ्रान्सेज' नावाच्या रेस्टॉरंटात ते जमत, त्यावरून खेळाला रोटिसरी हे नाव पडले. त्याच सुमारास नोलन रायन वर्षाला दहा लाख डॉलर मिळवणारा पहिला बेसबॉलपटू ठरला होता. डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोटोने पंधरा वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलरचा करार केला. खऱ्या मैदानातले भाव एवढे चढले, तरी फँटसीतले २६० जागचे हलले नाहीत.

दरवर्षी सगळे नव्याने सुरुवात करत असतील, तर ते हलण्याचे कारणही नाही. तिथला डॉलर म्हणजे केवळ वाटणीचे माप. पण जुने खेळाडू जुन्याच भावात राखण्याची मुभा दिली, की आकडा तोच राहूनही त्याची खरेदीची ताकद बदलते.

बारा संघांची लीग घ्या. एकूण पैसा ३,१२० डॉलर. राखलेल्या खेळाडूंवर ८०० डॉलर अडकले आहेत आणि त्यांची खरी किंमत १,२०० आहे. लिलावात पैसा उरला २,३२० डॉलर, आणि विकायला असलेल्या खेळाडूंचे मोल १,९२०. साहजिकच भाव सुमारे २१ टक्के चढतात आणि ३० डॉलरचा खेळाडू ३६ ला जातो.

आता लीग चालवणाऱ्या कमिशनरने मर्यादा दहा टक्क्यांनी वाढवून २८६ केली असे धरू. सगळ्यांना सारखेच २६ डॉलर मिळाले, मग तक्रार कशाची, असे वाटते. आमच्या मते घोळ इथेच होतो. राखलेल्या खेळाडूंचे करार जुन्या भावात गोठलेले असतात. त्यामुळे वाढीव ३१२ डॉलर सगळेच्या सगळे लिलावात ओतले जातात. तोच ३० डॉलरचा खेळाडू आता ४१ ला जातो. तीन वर्षांपूर्वी ८ डॉलरना उचललेला आणि आज ३० च्या तोडीचा झालेला शॉर्टस्टॉप ज्याच्याकडे आहे, त्याची बचत २८ वरून ३३ वर जाते. ज्याने एकही खेळाडू राखलेला नाही, त्याच्या २६० डॉलरमध्ये आधी २१५ डॉलर मोलाचे खेळाडू येत होते. आता २८६ डॉलर मोजून २०९ चेच येतात. हातात पैसा जास्त आणि पदरात माल कमी, ही त्याची अवस्था. आणि संघ मोडून नव्याने उभा करू पाहणारा, म्हणजे ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज, तोच बहुधा या जागी असतो.

आयपीएलने हा पेच बऱ्यापैकी सोडवला आहे. २०२२ च्या मोठ्या लिलावात पर्स, म्हणजे संघाची खर्चाची मर्यादा, ९० कोटी रुपयांची होती आणि चार खेळाडू राखायला ४२ कोटी लागत. २०२५ च्या हंगामासाठी पर्स १२० कोटी झाली, तेव्हा चार आंतरराष्ट्रीय खेळाडू राखण्याचा खर्चही ६१ कोटींवर नेला. पर्स एक तृतीयांशाने वाढली, राखण्याचा दर त्याहून जास्त वाढला. फँटसीत ओटोन्यू या खेळाने उलटी वाट धरली. तिथे ४०० डॉलरची मर्यादा आणि चाळीस खेळाडूंचा ताफा कायम. पण हंगाम संपला की मेजर लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येकाचा पगार २ डॉलरनी आणि मायनर लीगमधल्यांचा १ डॉलरने वाढतो. स्वस्तात मिळालेला हिरा कायमचा स्वस्त राहत नाही. मालकाला कुणाला तरी सोडावेच लागते आणि लिलावात दरवर्षी चांगले नाव येते. आम्हाला ही पद्धत जास्त न्यायाची वाटते.

खेळाडूंचे खरे पगार धरून चालणाऱ्या लीगची गोष्ट वेगळी. तिथे मर्यादा न वाढवून चालतच नाही. पण किती वाढवायची? मेजर लीगमध्ये वेतनमर्यादा नाही, करमर्यादा आहे, म्हणजे पगार तिच्यापुढे गेले की संघाला कर बसतो: २००३ मध्ये ११.७ कोटी डॉलर, २०२५ मध्ये २४.१ कोटी. ती सरळ रेषेत चढलेली नाही. २०२१ वरून २०२२ ला थेट दोन कोटींची उडी, आणि पुढच्या वर्षी जेमतेम तीस लाखांची वाढ. दरवर्षी ठराविक पाच टक्के वाढवणाऱ्या लीगचा हिशेब अशा वर्षी कोलमडतो. शिवाय शोहेई ओतानीचा पगार नेमका किती धरायचा? करार दहा वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा; त्यातले ६८ कोटी पुढे ढकललेले. हातात वर्षाला २० लाख, करमर्यादेच्या हिशेबात सुमारे ४.६ कोटी. एका लीगमध्ये तो जवळजवळ फुकट मिळेल, दुसरीत संघाची कंबर मोडेल. हा निर्णय हंगामाच्या मध्यावर, ओतानी कुणाकडे आहे हे पाहून होता कामा नये.

म्हणून मर्यादा बदलायची तर निर्णय एक वर्ष आधी जाहीर व्हावा, आणि खेळाडू राखण्याची यादी देण्याच्या तारखेपूर्वी. वाढ दहा टक्के असेल तर जुने करारही दहा टक्क्यांनी वाढावेत. खऱ्या पगारांवर चालणाऱ्या लीगनी आणखी एक कलम आताच लिहून ठेवावे. मेजर लीगचे मालक आणि खेळाडू यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. वेतनमर्यादेच्याच वादातून १९९४ चा संप झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली. नवा करार वेळेत झाला नाही, तर २०२७ च्या लिलावाला कोणता आकडा धरायचा, ते त्या कलमात असावे.