चिंच नको, कात्रीही नको!

मंडळी, स्पष्टच लिहितो. धार संस्थानानं १८९७ साली स्वतःची टपाल तिकिटं काढली. पहिल्या तिकिटांवर लंबगोल काळा शिक्का असे. १९०१ मध्ये ती बंद झाली. देवासच्या थोरल्या-धाकट्या पातींची १८८८ ची तांब्याची नाणीही आपल्यापैकी काहींच्या देव्हाऱ्यात असतील. आणि आपण काय करतो? दिवाळीला नाणी चिंचेनं घासतो, तिकिटासाठी पाकीट कापतो! म्हणे, "लखलखीत केलं की भाव येतो." साफ चूक! खाडाखोड केलेला चेक मी बँकेत कधी पास केला नाही. जाणकार संग्राहकही तेच बघतो. मोडीतला पत्ता, टपालाचा छाप, तांब्यावरचा काळपट थर, हाच अस्सलपणाचा पुरावा. नातवंडांना नुसतं तिकीट नको, अख्खं पाकीट द्या. त्यावर पणजोबांचं नाव आहे.