साम्य आणि सोयरीक

इझानागी आणि इझानामी हे भाऊबहीण आकाशातील पुलावर उभे राहून रत्नजडित भाल्याने खालचे पाणी घुसळतात. भाल्याच्या टोकावरून ओघळलेले खारे थेंब थिजून ओनोगोरो हे बेट तयार होते. इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’तील ही सृष्टिकथा ऐकताच हौशी तुलनाकाराला समुद्रमंथन आठवते, पुढील भावंडांच्या विवाहावरून यम-यमी आठवतात, आणि ही कथा भारतातूनच गेली असा निवाडा देऊन तो मोकळा होतो. सुतावरून स्वर्ग गाठण्याच्या या प्रकाराला तौलनिक अभ्यास म्हणता येणार नाही.

समुद्रमंथनाच्या वेळी सृष्टी अस्तित्वात आहे. देव-दानवांना हवे आहे ते अमृत. जपानी कथेत पाय ठेवायलाही भूमी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमी प्रथम बोलते आणि यम नकार देतो. इझानामीही प्रथम बोलते, पण तेथे नकार नाही. जळूसारखे अपत्य जन्मते, ते नावेत घालून सोडून दिले जाते आणि दोष येतो तो स्त्रीने आधी बोलण्यावर. विधी पुन्हा होतो, पुरुष आधी बोलतो, तेव्हा कुठे बेटे जन्मतात. स्त्रीच्या पहिल्या शब्दावर एकीकडे नीतीचा अंकुश आहे, दुसरीकडे विधीचा. शिवाय अग्नीला जन्म देताना मेलेली इझानामी मृतांच्या लोकाची स्वामिनी होते. आपल्याकडे ते पद यमाकडे जाते, यमीकडे नाही. खरी तुलना या भेदांपासून सुरू होते. उगमाचा दावा करणाऱ्याची जिज्ञासा मात्र नेमकी येथेच संपते.

पुरावा कशाला म्हणावे, याचा धडा भारतातच उपलब्ध आहे. चेन्नईच्या नुंगंबाक्कममधील कॉलेज रोड हे नाव ज्या फोर्ट सेंट जॉर्ज महाविद्यालयाची आठवण देते, त्याच्याशी निगडित असलेल्या एफ. डब्ल्यू. एलिसने १८१६ मध्ये तमिळ, तेलुगू आणि कन्नड यांचे धातू शेजारी शेजारी मांडून त्यांचे कुल संस्कृताहून वेगळे असल्याचे दाखविले. पुढे जपानी भाषेचे नाते तमिळशी जोडण्यासाठी सुसुमु ओनो यांनी शेकडो शब्द मांडले, पोंगल आणि जपानी नववर्षविधी यांतील साम्येही पुढे केली. तरी बहुसंख्य भाषावैज्ञानिकांनी ते नाते मान्य केले नाही. जेथे शेकडो शब्द अपुरे पडले, तेथे एका घुसळणीवर सोयरीक कशी जुळावी?

भारतातून जपानला काहीच गेले नाही, असे नव्हे. सरस्वती तेथे बेंझाइतेन झाली. पण तिची वाट बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांतून दाखविता येते. इझानामीची अशी वाट कोणी दाखविलेली नाही.

अशा दाव्यांनी बिघडते काय, असे विचारणाऱ्याने जपानकडेच पाहावे. ‘कोजिकी’ आणि ‘निहोन शोकी’ यांतील देवयुगाच्या कथा इतिहास नव्हेत, असे दाखविणाऱ्या त्सुदा सोकिची यांच्या पुस्तकांवर १९४० मध्ये बंदी आली. मिथकाला राष्ट्राचे खरेदीखत मानले की पहिला बळी अभ्यासकाचा जातो. आपले मिथक सर्वांचे मूळ ठरविण्याची हौस त्याच वृत्तीची आहे. परक्या कथेवर मालकी सांगणाऱ्याला ती कथा ऐकूच येत नाही. आणि ज्याला इझानामी ऐकू येत नाही, त्याला आपली यमी तरी कितीशी ऐकू आली असेल?