बोटीवरचा डाव आणि दुकानाची उधारी

१ फेब्रुवारी २०२० पासून गोवा सरकारने गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. परवाने चालू, बोटी चालू, कर चालू; फक्त घरच्या माणसाला दार बंद. व्यापारी माणसाने या एका गोष्टीवर थोडे थांबावे. जो दुकानदार आपला माल स्वतःच्या घरात जाऊ देत नाही, त्याला त्या मालाबद्दल काय वाटते हे वेगळे सांगायला नको. मग मांडवी नदीतल्या त्या बोटी चालतात कोणावर? परगावच्यांवर. त्यांत आपले भाऊबंदही आहेत, म्हणून हा विषय या पानावर आणतो आहे.

आपल्या पंढरपूर-सोलापूरकडच्या बऱ्याच घरांच्या सोयरिकी गोव्यात आहेत. कोणाची मुलगी वास्कोला दिलेली, कोणाचा भाऊ मडगावला फर्निचरच्या कामाला. ईद झाली, लग्न निघाले, बाळाचा अकीका झाला की सांगोला-मिरजेवरून गाडी निघते. पहिला दिवस पाहुणचारात जातो. दुसऱ्या संध्याकाळी घरातला एखादा तरुण हळूच म्हणतो, "चला मामू, पणजी दाखवतो." पणजी म्हणजे काय, हे मामूलाही ठाऊक असते आणि भाच्यालाही. भाच्याला गोव्याचा म्हणून आत खेळता येत नाही, तो काठावरूनच परत फिरतो. आत जातो तो पाहुणा.

कायद्याचे थोडे सांगतो. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा खेळ आला. १९९६ च्या दुरुस्तीने बोटीवर टेबल मांडायची मुभा मिळाली. महाराष्ट्रानेही १९७६ मध्येच कॅसिनोचा एक कायदा करून ठेवला होता, पण तो एक दिवससुद्धा अमलात आला नाही, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करायचे ठरवले. आपल्याकडे चालतो तो १८८७ चा जुगारबंदी कायदा. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला. मोबाइलवर पोकर आणि रमी खेळून ज्यांचा हात बसला होता, त्यांच्या तोंडी तेव्हापासून बोटीचे नाव जास्त ऐकू येते, असा माझा अनुभव आहे.

खेळणाऱ्यांचे म्हणणे मी नीट ऐकून घेतले आहे. ते म्हणतात, "पोकर हा मटका नाही. चिठ्ठी निघाली आणि नशीब उघडले, असे त्यात नसते. समोरच्याचा चेहरा वाचावा लागतो, हिशेब करावा लागतो, केव्हा पत्ते टाकून द्यायचे हे कळावे लागते. तुम्ही आषाढीच्या आधी लाखोंचा माल भरता, तो काय जुगार नाही?"

यातले पहिले म्हणणे मी अर्धे मान्य करतो. अक्कल लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले. पोकरबद्दल मात्र न्यायालयांचे एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवले. पण समजा, सगळा खेळ अकलेचाच आहे. तरीही अक्कल कोणाची, हा प्रश्न राहतोच. पोकरमध्ये तुम्ही बोटवाल्याशी खेळत नाही, टेबलावर बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकांशी खेळता. बोटवाला फक्त प्रत्येक डावातून आपला हिस्सा काढून घेतो. आपल्या गावच्या अड्ड्यावर त्याला नाल म्हणतात. खुर्ची आणि दिवे भारी झाले म्हणून नालीचा स्वभाव बदलत नाही.

हिशेब करून पाहू. समजा नऊ जण दहा-दहा हजार घेऊन बसले. टेबलावर ९०,००० रुपये. एका डावात सरासरी २,००० रुपये जमले आणि नाल पाच टक्के धरली, तर दर डावाला १०० रुपये गेले. तासाला पंचवीस डाव झाले, तर २,५००. सहा तासांनी नव्वद हजारांतले पंधरा हजार टेबलावर नाहीतच. कोण जिंकला आणि कोण हरला हे नंतर बघा. नऊ जणांनी मिळून पंधरा हजार आधीच गमावलेले आहेत. कॅसिनोवरचा जीएसटी आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर आपण ५ टक्के भरतो. हा कर बोटवाला गिऱ्हाइकाकडून घेवो की गल्ल्यातून भरो, शेवटी तो निघतो खेळणाऱ्याच्याच खिशातून. एवढे सगळे कापून जो नफ्यात उठेल, तो रोज बसणारा पक्का खेळाडू असणार, भाचीच्या लग्नाला आलेला चादरीचा व्यापारी नव्हे.

पंढरपूरच्या माणसाला हे दुसऱ्या तऱ्हेने लगेच कळेल. वारीत दुकानावर जो पाहुणा येतो, त्याला मालाचा भाव ठाऊक नसतो. आपल्याला असतो. प्रामाणिक दुकानदार त्याचा गैरफायदा घेत नाही, कारण पुढच्या वर्षी तीच दिंडी त्याच दारावरून जाणार असते. बोटीवर तो भाव न कळणारा पाहुणा आपण असतो, आणि समोरचे आठ जण आपल्या पुढच्या वर्षाचा विचार करत नाहीत.

राहिला आषाढीच्या मालाचा प्रश्न. धंद्यात जोखीम आहे, कोण नाही म्हणतो? पाऊस लांबला की वारकऱ्याचा हात आखडतो, माल पडून राहतो. पण पडून राहतो म्हणजे काय? चादर फळीवर असते. कार्तिकीला थंडी पडते, तेव्हा ती जाते. नाही गेली, तर माघीला दोन पैसे कमी घेऊन जाते. आणि गेली की कोणाच्या तरी अंगावर जाते. सोलापूरच्या विणकराला मजुरी मिळाली, हमालाला हमाली मिळाली, गिऱ्हाइकाला ऊब मिळाली, मला नफा मिळाला. कोणाचे नुकसान झाल्यावरच माझा नफा होतो, असे या साखळीत कुठेही नाही. टेबलावर एकाचे वाढले तर दुसऱ्याचे तेवढेच घटते, वर नाल.

आपल्या दीनमध्ये ज्या मैसिरला हराम म्हटले, तो काय होता हे फार थोड्यांना माहीत असते. आम्हाला उर्दू शाळेत मौलवीसाहेबांनी समजावले होते. अरब लोक उंट कापत आणि बाण काढून हिस्से ठरवत. ज्याचा बाण रिकामा निघे, त्याने उंटाची किंमत भरायची. जिंकणारे ते मांस बहुधा स्वतः खात नसत, गरिबांना वाटत. म्हणजे त्यात खैरातही होती. कुरआनने त्यातला फायदा नाकारला नाही, पण गुनाह त्याहून मोठा सांगितला आणि पुढे सूरह माइदामध्ये ते साफ बंद केले. बोटीवरचे कोणी गरिबांना मांस वाटत असल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

आता खरी गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त खटकते. बोटीवर लावलेला पैसा असतो कोणाचा? आपला धंदा उधारीवर चालतो. इचलकरंजीचे कापड आणि सोलापूरची चादर दोन-दोन महिन्यांच्या वायद्यावर येते. वारी संपली की गल्ल्यात रोकड दिसते आणि माणसाला वाटते, आपण कमावले. त्यात आपले रुपयात दहा-पंधरा पैसे असतात. बाकीचे कारखानदाराचे, रंगाऱ्याचे, शिवणाऱ्या बायकांचे. आमच्या ओळखीतला एकजण वसुलीची रक्कम खिशात घेऊनच सासुरवाडीला गेला होता. परत आला आणि ज्या यंत्रमागवाल्याचे बिल थकले, त्याला म्हणाला, "यंदा वारी मंदी गेली." त्या यंत्रमागवाल्याने दोन माग आठ दिवस बंद ठेवले. पत्ते पणजीत पडले आणि माग इचलकरंजीत थांबले.

आणखी एक व्यवहाराची बाब. जुगारात जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के आयकर आहे, आणि हरलेली रक्कम धंद्याच्या नफ्यातून वजा मिळत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल आहे, त्याचा दावा चालत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या कायद्याने पैजेला जोडून केलेले करारही रद्दबातल ठरवले. काहीजणांना हे ऐकून बरे वाटते, म्हणजे देणे बुडवता येईल! पण असे देणे कोर्टात जातच नाही, ते घरी येते. दुकानासमोर उभे राहते. बायकोच्या बांगड्यांकडे बघते.

आपल्या बिरादरीचे एक दुटप्पी वागणेही सांगून टाकतो. शिंप्याच्या पोराने दहा रुपयांचा आकडा लावला की चार बुजुर्ग त्याला मशिदीबाहेर उभा करून बोलतात. शेठ बोटीवर जाऊन आला की त्याला विचारतात, जेवण कसे होते? मटक्याचे मूळही काही झोपडपट्टीतले नव्हते, ते कापसाच्या बाजारातले. न्यूयॉर्कहून मुंबईला कापसाचे उघडते आणि बंद होते भाव यायचे, त्यांवर आकडा लागे. १९६१ मध्ये ते भाव यायचे थांबले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका चालू केला आणि गिरणगावातल्या कामगारांचा पगार त्यात जाऊ लागला. पेढीवाल्यांचा शौक मजुराच्या घरात असा उतरला. आज दुकानात काम करणारी पोरे शेठच्या मोबाइलमधले बोटीचे फोटो पाहतातच.

सोयऱ्यांकडे जाऊ नका, असे कोण म्हणेल? जरूर जा, मुलीला भेटा, मासे खा, समुद्र पाहा. फक्त निघण्याआधी दोन कामे उरकावीत, असे मी माझ्या मुलांना सांगितले आहे. वसुली आली असेल तर इचलकरंजी-सोलापूरची बिले बँकेतून त्याच दिवशी भरून टाकायची आणि प्रवासापुरतेच पैसे खिशात ठेवायचे. आणि भाच्याने पणजीचे नाव काढले, तर त्याला मडगावच्या कापडबाजारात न्यायला सांगायचे. तिथे सोलापुरी चादर कोणत्या भावाने विकली जाते, हे मला अजून कोणी नीट सांगितलेले नाही.