टॉवरचं मॉडेल आहे, चाळीचं कुठाय?

पुनर्विकासाच्या कुठल्याही प्रोजेक्टच्या सेल्स ऑफिसात डोकावून बघा. काचेच्या पेटीत उंच टॉवरचं चकचकीत मॉडेल असतं. एवढुशी झाडं, निळा स्विमिंग पूल, खिडक्यांत लुकलुकणारे दिवे. अजून पायाही खणलेला नसतो, पण मॉडेल तयार! आणि जी इमारत पाडायची आहे, जिच्यात तीन पिढ्या वाढल्या, तिचं मॉडेल? ते कुणीच केलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की, ते तुम्ही करा. तेही विकतचं किट न आणता, घरातल्या भंगारातून.

हे काम आपल्याला नवीन आहे का? दर दिवाळीला दगड, माती आणि पोत्यांचा किल्ला आपणच करत आलोय. शिवनेरी झाला, प्रतापगड झाला, सिंधुदुर्गही झाला. पण ज्या वाड्याच्या किंवा चाळीच्या अंगणात हे किल्ले उभे राहिले, ती वास्तू आपण कधी केली? किल्ल्यांकडे लक्ष द्यायला निदान पुरातत्त्व खातं आहे. कोपऱ्यावरच्या सायकलच्या टपरीला, गावच्या पाराला, कोकणातल्या पडवीला कोण आहे?

मुंबईच्या बीडीडी चाळींचंच बघा. 1920 च्या दशकात बांधलेल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती. खोली साधारण 160 चौरस फुटांची. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर आता त्यांच्या जागी टॉवर येताहेत. समजा, खोली 10 बाय 16 फुटांची आहे. चार फुटांना एक इंच असं प्रमाण धरलं, तर मॉडेलमध्ये ती होते अडीच इंच बाय चार इंच. म्हणजे तुमच्या हातातल्या मोबाइलपेक्षाही लहान. आता त्यात एक कॉट, एक कपाट, एक मोरी आणि सहा माणसं बसवून दाखवा. ‘दाटीवाटीने राहायचे’ हे वाक्य वाचणं वेगळं आणि ती दाटी बोटांनी मांडून बघणं वेगळं.

‘पण फोटो आहेत की!’ असं तुम्ही म्हणाल. बरं, मग न बघता सांगा, तुमच्या बिल्डिंगच्या जिन्याला किती पायऱ्या आहेत? मीटरची पेटी डाव्या हाताला की उजव्या? फोटो काढायला एक सेकंद पुरतो, म्हणून आपण तेवढंच बघतो. मॉडेल करायचं तर पायऱ्या मोजाव्या लागतात, दाराची उंची मापावी लागते, पागोळ्यांचं पाणी कुठून गळतं ते शोधावं लागतं.

सामान आजूबाजूलाच पडलेलं असतं. पन्हाळी पुठ्ठ्याचा वरचा कागद भिजवून सोलला की खाली पत्र्याचं छप्पर तयार. उदबत्तीच्या काड्यांचे खिडकीला गज, आइस्क्रीमच्या काड्यांचा कठडा, बाटलीच्या काळ्या झाकणाची गच्चीवरची टाकी. तुटक्या इअरफोनच्या वायरी म्हणजे तर जिन्याखालचा केबलचा गुंता जसाच्या तसा! भिंतीवरची ओल हवी असेल तर चहाचं पाणी ब्रशने फिरवा. आणि टपरी करत असाल तर पेमेंटचा क्यूआर कोड विसरू नका, तोही आजच्या वास्तूचाच भाग आहे.

टाकाऊ वस्तूंतून काय उभं राहू शकतं, हे चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये दिसतं. नेक चंद हे सरकारी खात्यातले रस्ते निरीक्षक. नवं शहर वसवताना पाडलेल्या जागांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबशा, टाइल्स गोळा करून त्यांनी कित्येक वर्षं गुपचूप एक दुनिया रचली. 1976 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. आपल्याला एवढं मोठं करायचं नाहीये. बुटांच्या खोक्यात मावेल एवढं पुरे.

एक मात्र सांभाळा. हे गोड गोड आठवणींचं दुकान व्हायला नको. मोठं घर, स्वतःचं टॉयलेट हवं असणाऱ्या माणसांचं काहीही चुकत नाही. म्हणून मॉडेलमध्ये तुळशी वृंदावन करा, तसा सामायिक संडासही करा. बाहेर ठेवलेली डबडी आणि रांगही येऊ दे. फक्त सुंदर तेवढंच दाखवायचं, तर सेल्स ऑफिसातलं मॉडेल आणि आपलं मॉडेल यात फरक काय राहिला?

अर्धवट झालेलं मॉडेल त्या जागेत राहिलेल्या माणसासमोर ठेवा. आजी, शेजारचे काका, टपरीवाले दादा, कुणीही चालेल. ‘अरे, नळ इथे नव्हता, तिकडे होता. आणि पाणी पहाटे चारला यायचं,’ अशी दुरुस्ती येईल. मग पाण्यावरून झालेली भांडणं निघतील, कुणाचं लग्न कुठल्या मजल्यावर ठरलं ते निघेल. ते लिहून घ्या आणि खोक्याच्या मागे चिकटवा. नळ उचलून योग्य जागी लावा.

येत्या दिवाळीत किल्ला करालच. त्याच्या पायथ्याशी थोडी जागा आपल्या बिल्डिंगसाठीही ठेवा.