मध्यरात्रीची खाणावळ

पाहिलेलंच परत काय बघायचं, असं म्हणणारी माणसं मला कळत नाहीत. वरणभाताची चव आपल्याला आधीपासून माहीत नसते का?

‘मिडनाइट डायनर’ ही जपानी मालिका मी सध्या तिसऱ्यांदा बघते आहे. मूळ नाव ‘शिन्या शोकुदो’. यारो आबे यांची ही चित्रकथा २००६ मध्ये सुरू झाली, २००९ मध्ये टीव्हीवर आली, आणि २०१६ व २०१९ साली नेटफ्लिक्सने आणखी भाग काढले. टोकियोच्या शिंजुकु भागात एका बोळातली छोटीशी खाणावळ, रात्री बारा ते सकाळी सात उघडी. भिंतीवरच्या यादीत जेवण एकच, डुकराचं मांस घातलेल्या मिसो सूपचं. (मी शाकाहारी, पण बघायला काय हरकत आहे!) बाकी गिऱ्हाईक मागेल ते, सामान असेल तर मालक करून देतो.

पहिल्या वेळी माझा निम्मा जीव खालच्या इंग्रजी ओळी वाचण्यात गेला. वाचेपर्यंत ओळ पळायची. दुसऱ्या वेळी नजर वर गेली, तेव्हा कुठे भाताची वाफ दिसली, मालकाचे हात दिसले. त्याच्या डोळ्यावर एक व्रण आहे. तो कशाचा, हे कोणी विचारत नाही. तोही कोणाला विचारत नाही.

हेच मला फार आवडतं. हे गेल्यापासून एकटीपुरता कुकर लावायचा कंटाळा येतो. कित्येकदा ओट्याशी उभ्यानेच काहीतरी खाऊन घेतलं जातं. आणि हॉटेलात गेलं की वेटर हमखास विचारणार, ‘आजी, एकट्याच? बरोबर कोणी नाही?’ या खाणावळीत मात्र बहुतेक माणसं एकेकटीच येतात. एका माणसासाठी गॅस पेटतो, बशी नीट मांडून पुढे येते. रांगड्या गुंडाला तांबडी सॉसेजेस हवी असतात, शेजारच्या गिऱ्हाइकाला गोडसर अंड्याची गुंडाळी. मग दोघं आपापल्या बशीतलं एकमेकांना देतात. बस, एवढंच!

हल्लीच्या पाककृतींच्या स्पर्धा मला बघवत नाहीत. घास तोंडात जातो न जातो तोच परीक्षक बोलायला लागतात. जन्मभर गुण देऊन झाले, आता जेवणाला तरी नकोत. या मालिकेतही एक खाद्यसमीक्षक येतो, मोठमोठ्या हॉटेलांत जेवणारा. पण तो हरखतो कशाने, तर गरम भातात लोण्याचा तुकडा आणि वर सोया सॉसचे थेंब! त्यात त्याचं लहानपण अडकलेलं असतं.

हा बटर-भात मी करून पाहिला. वाईट नव्हता. पण दुसऱ्या दिवशी मेतकूट-तूप-भातच केला, आणि पान मांडून, खाली बसून जेवले.